मागची बैठक

सलग दोन मिनिटं तिने समोरच्या माणसाचं तोंडभरून कौतुक केलं, आणि त्या कौतुकापायीच ती नापास झाली.

बिनइंजिनाचं ग्लायडर उडवायला शिकवण्याचा परवाना हवा असेल तर परीक्षा उलटी असते. परीक्षक स्वतः विद्यार्थी होऊन पुढच्या बैठकीत बसतो आणि उमेदवाराने मागच्या बैठकीतून त्याला शिकवायचं. दोन्ही बैठकांपुढे एकेक दांडा असतो, आणि दोन्ही दांडे आतून जोडलेले असतात. एक हलला की दुसरा हलणारच. म्हणून विमान कोणाच्या हातात आहे ते तोंडाने सांगायची पद्धत आहे. घेणाऱ्याने म्हणायचं ‘ताबा माझा’, देणाऱ्याने म्हणायचं ‘ताबा तुझा’, नाहीतर दोघंही चालवत बसतात किंवा कोणीच चालवत नसतं. तिने रीतसर एक वळण घेऊन दाखवलं, ‘ताबा तुझा’ म्हणाली आणि परीक्षकाने वळायला सुरुवात केली. वळण काय सुरेख होतं! नाक क्षितिजावर स्थिर, वेगाचा काटा जागचा हलत नव्हता, आणि घसरण कळावी म्हणून काचेवर चिकटवलेला लोकरीचा धागा अगदी मधोमध सरळ. ती म्हणत राहिली, छान, असंच धरून ठेवा, बघा, हाताला कसं आपोआप कळतंय.

तेवढ्यात पुढच्या बैठकीतून दोन हात वर आले आणि कानांच्या दोन्ही बाजूंना थांबले.

“माझे हात मघापासून मांडीवर आहेत, बाई,” परीक्षक म्हणाला. “हे कौतुक कोणाचं चाललंय?”

तिने खाली पाहिलं. तिचा उजवा अंगठा आणि दोन बोटं दांड्यावर होती. घट्ट नव्हती, नुसती टेकलेली. शपथेवर विचारलं असतं तर तिने हात दांड्यावर नाही असंच सांगितलं असतं, आणि ती शपथ तिच्या मते खोटी ठरली नसती. यातलं सगळ्यात बोचणारं तेच होतं.

परीक्षक हा फिरतीवरचा माणूस. स्वतःची उशी सोबत घेऊन यायचा आणि चहा दिला तर अर्धाच प्यायचा. खाली उतरल्यावर त्याने शांतपणे कागद भरला आणि सांगितलं की बाई, तुम्ही उत्तम उडवता, माझ्यापेक्षा बरं उडवत असाल, पण मागच्या बैठकीतल्याने उडवायचं नसतं. तुमच्या हाताखाली शिकलेल्या माणसाला वाटेल आपल्याला येतं, आणि तो एकटा वर जाईल त्या दिवशी त्याला कळेल की येत नाही. हंगामाच्या शेवटच्या रविवारी तो पुन्हा येणार होता. मध्ये सहा आठवडे होते. दुसऱ्यांदा नापास झालं तर वर्षभर परीक्षेला बसता येत नाही, हा नियम त्याने वाचून दाखवला, जसा काही तो तिला ठाऊकच नव्हता.

वर्षभर थांबायला तिची ना नव्हती. पण थांबणार होते ते दुसरेच कोणीतरी.

या मैदानावर शिकवायचा परवाना एकाच माणसाकडे होता, आणि तो माणूस तिचा सासरा. मैदानावर सगळे त्यांना मास्तर म्हणत, घरात ती बाबा म्हणे. चाळीस वर्षांत त्यांनी किती जणांना उडायला शिकवलं याची मोजदाद त्यांनाही नव्हती. सुनेला शिकवलं त्यालाच अकरा वर्षं झाली होती. पोराला मात्र शिकवता आलं नाही, कारण तो शिडीच्या तिसऱ्या पायरीवर घामाघूम होई. या वर्षी हंगामाच्या सुरुवातीला बाबांना दोनदा अंधारी आली. एकदा न्हाणीघरात, एकदा टपालाच्या रांगेत. दोन्ही वेळा चार-पाच सेकंद, मग पुन्हा ठणठणीत. डॉक्टरने तपासण्या केल्या, मान हलवली आणि लिहून दिलं की एकट्याने उडायचं नाही, कोणाला शिकवायचंही नाही. उडायचंच असेल तर परवानाधारक शिक्षक मागे बसवून, विद्यार्थी म्हणून.

आता परवानाधारक शिक्षक आणायचा कुठून? जो एक होता त्यालाच तर बंदी झाली होती. म्हणजे ती पास झाली तर बाबा पुन्हा वर जाणार, नाहीतर नाही. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणं सोपं नसतं. आणि शिकवणारं कोणी नाही म्हटल्यावर मैदानावरचं दोन बैठकांचं ते एकुलतं एक ग्लायडर, ज्याला सगळे लाडाने ‘जाडी’ म्हणत, तेही दुसऱ्या मैदानाने मागून घेतलं असतं.

घरी जाताना गाडी तीच चालवत होती. बाबा बाजूला बसले होते. नापास कशी झाले हे तिने एका दमात सांगून टाकलं आणि आता रागावतील म्हणून वाट पाहिली. ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग म्हणाले, की त्यांच्या ओळखीत असा एक गुरुजी होता, त्याने एका पोराला तब्बल दहा मिनिटं शाबासकी दिली होती. तो कोण हे त्यांनी सांगितलं नाही, पण कान लाल झाले होते ते तिला दिसलं.

ती कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचे साचे पाठवायचे. ती त्यात प्लास्टर ओतायची, मेणात दात बसवायची, केसभर उंच झालेला दात घासून बरोबर जागी आणायची. बावीस वर्षं हेच काम. चूक दिसली की हात तिच्याआधी पुढे जायचा. घरातही तसंच. कोणी डब्याचं झाकण उघडायला धडपडू लागला की ‘आण इकडे’. कोणी पडदा तिरका लावला की ‘सरक, मी बघते’. नवऱ्याने तर लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच स्क्रूड्रायव्हर हातात धरायचं सोडून दिलं होतं. तो ग्रंथालयात पुस्तकं लावायचा आणि घरात जे मोडेल ते मुकाट्याने तिच्यापुढे आणून ठेवायचा. सगळे म्हणत, काय गुणाची बाई आहे. तिलाही तसं वाटायचं, उगाच खोटं कशाला सांगा.

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरात सराव सुरू झाला. दोन खुर्च्या एकामागे एक मांडल्या. पुढच्या खुर्चीत नवरा, गुडघ्यांमध्ये मिटलेली छत्री उभी धरून. तो दांडा. मागे ती, तिच्या हातात केरसुणीचा दांडा. शिकवणाऱ्याला बोलणं आणि करणं एका वेळी जमावं लागतं, आणि बोलायचं ते इतकं थोडकं की विमान वाक्याच्या पुढे निघून जाता कामा नये. नवरा जमिनीवरूनसुद्धा जीव मुठीत धरून बसायचा, पण विद्यार्थी म्हणून तो नामी निघाला. त्याला खरोखरच काही येत नव्हतं.

“नाक वर केलं की आपण वर जाणार ना?” त्याने विचारलं.

नाही, ती म्हणाली, आधी थोडं जाणार आणि मग वेग संपणार. वेग का संपणार, त्याने विचारलं. तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला कळलं की ही गोष्ट हाताला पाठ आहे, तोंडाला नाही. अकरा वर्षं जे डोळे मिटून केलं ते सरळ शब्दांत सांगताना तिची फे फे उडाली. टेबलापाशी बाबा सफरचंदाची साल काढत बसले होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, की इंजिन नसलेली गाडी उतारावरच चालते, ग्लायडर आपला उतार स्वतःबरोबर घेऊन फिरतं, नाक वर केलं की उतार संपला. नवरा म्हणाला, अरेच्चा, हे कळलं.

“हे मी लिहून घेते,” ती म्हणाली. आणि वही शोधता शोधता, बोलता बोलता, तिने बाबांच्या हातातून सुरी घेतली आणि सफरचंदाच्या फोडी करायला लागली.

बाबा रिकाम्या हातांकडे बघत राहिले.

“डॉक्टरने माझं उडणं थांबवलं,” ते म्हणाले. “सुरी तू थांबवलीस. चहा ओतणं तू थांबवलंस. काल शर्टाचं वरचं बटण लावायला मी आरशासमोर उभा होतो, तेवढ्यात तू लावून गेलीस. मी काही बोललो नाही. मलाही क्षणभर वाटलं मीच लावलं.”

नवऱ्याने छत्री हळूच बाजूला ठेवली. तिला राग आला. खरं बोललेलं पहिल्यांदा अपमानासारखंच लागतं. ती म्हणाली, कापलं असतं तर? अंधारी आली असती आणि बोट कापलं असतं तर?

“कापलं असतं. पट्टी आहे की घरात.”

तिने सुरी त्यांच्यासमोर ठेवली. मग त्यांनी उरलेलं सफरचंद कापलं. फोडी जाडजूड, वाकड्यातिकड्या झाल्या. पण ती हाताची घडी घालून बसली. शाळेत शिकवतात ना, हाताची घडी, तोंडावर बोट; त्यातलं पहिलं अर्धंच तिला शिकायचं होतं आणि तेच तिला पंचेचाळिसाव्या वर्षी जड जात होतं. रात्री नवऱ्याला तिने सांगितलं की परीक्षा पास होणारच, मग काहीही होवो. तो म्हणाला की मला ते माहीत आहे, फक्त झोपेत पांघरूण नीट करताना मला एकदा विचारत जा.

वरचा सराव शनिवार-रविवारी चालायचा. पुढच्या बैठकीत बसायला कुलूप-किल्ल्यांचं दुकान असलेला एक सभासद तयार झाला. त्याला सगळे किल्लीवाला म्हणत. उडवायचा परवाना मिळून त्याला दोन वर्षं झाली होती, आणि त्याच्या उडण्यात खोडी अनेक होत्या, त्यामुळे विद्यार्थी म्हणून फार नाटक करावं लागणार नव्हतं. बाबा मैदानाच्या कडेला बाकावर दुर्बीण घेऊन बसायचे. दोर ओढणाऱ्या यंत्राची चक्री फिरे, जाडी पतंगासारखी वर चढे, दोर सुटे आणि वर सगळं शांत होई.

पहिल्या दिवशी ती तीनदा वर गेली, आणि खाली आल्यावर छाती पुढे काढून म्हणाली की आज हात लावला नाही.

“किल्लीवाला डावीकडे वळताना नाक खाली सोडतो,” बाबा म्हणाले. “दोन वर्षं सांगतोय, ऐकत नाही. आज एकदाही सोडलं नाही. मग चालवत कोण होतं?”

किल्लीवाला गडबडून म्हणाला की त्यालाही आज जरा सोपं गेल्यासारखं वाटलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात; पण मरायला वेळ नव्हता, पाच आठवडे उरले होते.

उपाय तिला कामाच्या टेबलावर सुचला. नवी कवळी बसते की नाही हे बघायला दातांमध्ये एक पातळ निळा कागद ठेवून चावायला लावतात. जिथे दात दाताला लागतो तिथे निळा डाग उमटतो, आणि रोगी काहीही म्हणो, डाग खोटं बोलत नाही. तिने त्या कागदाची अख्खी गुंडाळी पिशवीत टाकली. शनिवारी मागच्या दांड्याला तो कागद चारी बाजूंनी गुंडाळला, आणि स्वतः वळण दाखवायचं असेल तेव्हा घालायला एक हातमोजा मांडीशी ठेवला. हात उघडा असताना दांड्याला लागला की डाग पडणार.

त्या दिवशी उतरल्यावर तिचा तळवा निळा होता. नुसती बोटं नव्हे, तळवासुद्धा. बाबा लांबून चालत आले, त्यांनी हात बघितला, आणि पहिल्यांदाच गंभीर झाले. म्हणाले की हे मी चाळीस वर्षांत कोणाला दाखवू शकलो नव्हतो. नुसतं ओरडत होतो.

मग तिने पिच्छाच पुरवला. प्रत्येक शनिवार, प्रत्येक रविवार. वारा असला तर वाऱ्यात, नसला तर मैदानावरून जेमतेम चार मिनिटांच्या फेरीत. तळव्याचा डाग गेला, तीन बोटांचा राहिला. तीन बोटांचा गेला, अंगठ्याचा राहिला. अंगठा दांड्याकडे कधी जातो हे तिला कळेचना, म्हणून तिने प्रत्येक वेळी हात मांडीखाली दाबून धरला, आणि तरी एकदा तो बाहेर निघालाच. सोमवारी कामावर एका दातांच्या डॉक्टरने विचारलं की हाताला शाई कसली. तिने सांगितलं, अभ्यास चाललाय.

चौथ्या रविवारी हात स्वच्छ आला. एकही ठिपका नाही. पण त्याच फेरीत किल्लीवाल्याने उतरताना नाक वेळेवर सावरलं नाही आणि जाडी जमिनीवर अशी आदळली की दोघांचे दात वाजले. विमानाला काही झालं नाही. तिला दिसत होतं, ती बघत होती, आणि हात लावायचा नाही म्हणून लावला नाही. बाबा तरातरा चालत आले. डॉक्टरने तरातरा चालू नका असं सांगितलं होतं.

“हात काढ म्हणालो होतो,” ते म्हणाले. “डोकं काढ नव्हतो म्हणालो.”

मग ते तिच्याशेजारी गवतात बसले आणि जी गोष्ट ती चार आठवडे शोधत होती ती त्यांनी सांगितली. विद्यार्थ्याला चूक करू द्यायची. ती वाढू द्यायची. तोंडाने सांगायचं, पुन्हा सांगायचं. आणि जिथपर्यंत मागच्याला ती निस्तरता येते तिथपर्यंतच थांबायचं, त्याच्या एक पाऊल अलीकडे ताबा घ्यायचा. ही रेषा कुठल्या पुस्तकात नसते. ज्याची जेवढी ताकद तेवढी त्याची रेषा लांब. “तुझी माझ्यापेक्षा लांब असेल,” ते म्हणाले. “पण ती तुला ठाऊक पाहिजे.”

उरलेल्या दोन आठवड्यांत तिने दुसरं काही केलं नाही. किल्लीवाल्याला मुद्दाम चुकायला लावलं, तो इतका चुकला की त्याच्या बायकोने येऊन काळजीने विचारलं. घरी बाबा चहा ओतायचे, बशीत सांडायचे, आणि ती समोर बसून बघायची. एकदा किटली त्यांच्या हातात तिरकी झाली. तिने थांबून, ‘बाबा, झाकण,’ एवढंच म्हटलं. त्यांनी झाकण दाबलं. नवऱ्याने ग्रंथालयातून येऊन पडदा लावला, वाकडा लावला, आणि तो आजही वाकडाच आहे.

हंगामाचा शेवटचा रविवार ढगाळ उजाडला. परीक्षक उशी घेऊन आला, अर्धा चहा प्यायला आणि पुढच्या बैठकीत बसला. निळा कागद तिने घरीच ठेवला होता. वर गेल्यावर तिने वळण दाखवलं, ताबा दिला आणि दोन्ही हात पुढच्या बैठकीच्या पाठीवर ठेवले. परीक्षक वाईट वळला, अगदी ठरवून वाईट. धागा एका बाजूला झोपला. तिने तीन शब्दांत सांगितलं, त्याने सुधारलं, पुन्हा बिघडवलं. तिने पुन्हा सांगितलं. कौतुक केलं ते एकदाच, आणि त्या वेळी वळण खरंच त्याचं होतं.

खरी गाठ उतरताना पडली. मैदानाच्या टोकाला वळून ते सरळ आले. वेग हवा ताशी नव्वद. परीक्षक नाक उचलत चालला, अगदी हळू, नवशिका जमीन जवळ आली की भीतीने उचलतो तसा. पंच्याऐंशी. ती म्हणाली, वेग बघा. तो ‘हो’ म्हणाला आणि काही केलं नाही. ऐंशी. नाक खाली, आत्ता, ती म्हणाली. तो पुन्हा ‘हो’ म्हणाला. तिचे हात आता दांड्याभोवती होते, न लागता, बोटभर अंतरावर. ते अंतर तिने सहा आठवड्यांत कमावलं होतं. काटा पंचाहत्तरवर टेकला.

“ताबा माझा.”

त्याने दांडा सोडला नाही. घाबरलेला विद्यार्थी सोडत नाही, आणि हा माणूस आपलं काम चोख करत होता. तिने दुसऱ्यांदा, अजिबात आवाज न चढवता, पण असं म्हटलं की त्याचे हात वर गेले. नाक खाली आलं, वेग परत आला आणि जाडी गवतावर हलकेच टेकली.

थांबल्यावर परीक्षक बराच वेळ पट्टे सोडवत बसला.

“ऐंशीला का नाही घेतला?” त्याने विचारलं.

“ऐंशीला तुम्हाला सुधारायला वेळ होता.”

“मग सत्तरपर्यंत थांबायचं.”

“सत्तरला मला वेळ नसता.”

त्याने कागदावर सही केली, शिक्का मारला आणि त्या दिवशी उरलेला अर्धा चहाही मागून घेतला.

किल्लीवाला पेढे नाहीतर निदान बिस्किटं तरी आणतो म्हणून पळाला. तिने शाईचा शिक्का वाळायचीसुद्धा वाट पाहिली नाही. बाकापाशी गेली आणि म्हणाली, “बाबा, ढग फाटताहेत. चला.” ते आधीच टोपी घालून बसले होते.

पुढच्या बैठकीत बसताना त्यांना पाय उचलायला त्रास झाला. तिने मदत केली नाही. ती विमानाची कड धरून उभी राहिली, आणि त्यांनी आपला पाय आपल्या हाताने उचलून आत ठेवला. बंदीनंतर सहा महिन्यांनी ते पुन्हा वर गेले. दोर सुटल्यावर ती म्हणाली, “ताबा तुमचा,” आणि हात त्यांच्या बैठकीच्या पाठीवर ठेवले. पुढची अकरा मिनिटं तिने काही केलं नाही, आणि तिला करावंसं वाटलंही नाही. बाबांना एका ढगाखाली चढती हवा सापडली. ते त्या हवेत फिरत फिरत वर गेले, आणि तो धागा असा मधोमध उभा राहिला की शिकवणारीने नुसतं बघत बसावं. ते एकटेच गुणगुणत होते. ती मागे बसून रडली, आवाज न करता, आणि उतरायच्या आधी डोळे पुसून कोरडे केले कारण आता तिला बघायचं होतं.

मैदानाच्या टोकाला ते सुरेख वळले. नव्वद. उंची घटवणारे पंखांवरचे ब्रेक अर्धे उघडे. मग ब्रेकची मूठ आपोआप मागे सरकू लागली, धरणारा हात सैल पडावा तशी, आणि जाडी जरा जास्तच झपाट्याने खाली जाऊ लागली.

“बाबा, ब्रेक,” ती म्हणाली.

उत्तर आलं नाही. पुढची टोपी किंचित डावीकडे कलली होती.

“बाबा.”

तिने मनात एक म्हटलं. दोन म्हणायची वाट पाहिली नाही. ज्या माणसाने तिला हे सगळं शिकवलं त्याच्या हातातून विमान घ्यायचं होतं, आणि तिला वाटलं होतं त्याहून ते अवघडही नव्हतं आणि सोपंही नव्हतं. ते करायचं होतं.

“ताबा माझा.”

पुढून आवाज आला. जड, झोपेतून उठलेल्यासारखा, पण एकही अक्षर न अडखळता. अकरा वर्षं ती त्यांना जे म्हणत आली होती, मैदानावरचा प्रत्येक विद्यार्थी मागच्या बैठकीला जे म्हणतो, तेच ते म्हणाले.

“ताबा तुमचा.”

आणि दोन म्हातारे हात वर आले, कानांच्या बाजूंना, तिला नीट दिसतील असे. तिने ब्रेक पुन्हा अर्ध्यावर आणले, नाक धरलं आणि उतरवलं. जमिनीला टेकताना तिने त्यांचं डोकं बघितलं. ते सरळ झालं होतं.

तिने काच उघडली. पाच सेकंद असतील, बाबा म्हणाले, आवाज येत होता पण लांबून. मग त्यांनी खिशातून आपली उड्डाणांची वही काढली आणि मागे दिली. विद्यार्थ्याच्या वहीत शिक्षकाने शेरा लिहायचा असतो. तिने पेन उघडलं. चढती हवा सापडली, वळणं उत्तम, एवढं भरभर लिहिलं आणि थांबली. पुढचं लिहिलं तर ते कायमचं लिहिलं जाणार होतं, त्यांच्याच वहीत, आणि डॉक्टर ती वही बघायला मागणार होता.

बाबा वळून तिच्याकडे बघत होते. “लिही,” ते म्हणाले. “मी कोणाचं लपवलं नाही. तुझंही नव्हतं लपवलं.”

तिने लिहिलं: उतरताना विद्यार्थी उत्तर देत नव्हता, शिक्षकाने ताबा घेतला. वही परत दिली. त्यांनी चष्मा लावला, ओळ दोनदा वाचली आणि नापसंतीने मान हलवली.

“शेरा अर्धवट आहे,” ते म्हणाले. “‘वेळेवर घेतला’ असं लिही.”

तिने ‘वेळेवर’ हा शब्द वरच्या बाजूला घातला. बाबांनी पेन मागून घेतलं आणि खाली, विद्यार्थ्याची सही करायची असते त्या जागी, सावकाश, ओळीबाहेर जाणारी सही केली. तिने वही धरली नाही.